सुर्व्यांच्या घरातली जावाची परीक्षा

"...आणि सुर्व्यांकडे तर आज कोंडूनच घातलंनी! बाहेरून कडी! मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, घरातलं माणूस आत, आणि आतून..."

एवढंच ऐकलं मी. पालीला बहिणीकडे गेले होते, ती सकाळच्या एसटीने परत येऊन आमच्या पाणंदीत शिरतेय तोच मासेवाली सावित्री कोणाला तरी हे सांगत होती. मला बघितलंन आणि गप्प! पाटी उचललीन, डोक्यावर ठेवलीन आणि चालायला लागली. मला बघून गप्प! ज्या पाणंदीतलं पान हललं तरी मला आधी कळतं, तिथे!

सुर्व्यांचं घर आमच्या कुंपणाला लागून. तिथे कोंडण्यासारखं माणूस एकच, त्यांची सून वैदेही. त्या दिवशी तिची परीक्षा होती.

पण थांबा. ही परीक्षा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. गेले काही महिने त्या घरात एकेक असं घडत गेलं की मी रोज ह्यांना सांगायची आणि हे म्हणायचे, "तू मीठमसाला लावून सांगतेस." मी कशाला लावू? त्या घरातला प्रत्येक किस्सा मीठमसाला घालूनच बाहेर यायचा!

*

वैदेही शिकलेली मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी होती, मुलीच्या, ओवीच्या वेळी सुटली. आता ओवी बालवाडीत जायला लागली, तशी एका कंपनीने तिला सांगितलंन, "जावाचं सर्टिफिकेट आणा, तुम्हाला रत्नागिरीत घरी बसून काम देतो. नाही आणलंत तर पुण्याला ऑफिसात यावं लागेल."

म्हणजे पास झाली तर सगळी इथे. नापास झाली तर मुलगा, सून, नात तिघंही पुण्याला, आणि मागे तिचे सासरे अण्णा आणि सासू नलूवहिनी दोघंच. हे ऐकल्यापासून नलूवहिनींचं जेवणात लक्ष नव्हतं.

मी विचारलं, "जावा म्हणजे काय गो?"

"भाषा आहे काकू, कॉम्प्युटरची."

"कोण बोलतं ती?"

"कोणीच नाही. फक्त लिहायची."

मी नलूवहिनींकडे बघितलं, नलूवहिनींनी माझ्याकडे. शेवटी त्यांनीच विचारलंनी, "मग भांडायचं कसं?"

*

अभ्यास म्हणजे पुस्तक नाही हो. सरावाचे प्रश्न! एक प्रोग्राम देतात, खाली चार पर्याय. हा चालवला तर काय उत्तर येईल, सांगा.

एकदा मी चहाला बसले होते. वैदेही म्हणाली, "ह्याचं उत्तर, हा प्रोग्राम चालणारच नाही. लिहिलाय तोच चुकीचा."

नलूवहिनींच्या हातातली बशी तशीच राहिली. "म्हणजे प्रश्न काढणाऱ्यानेच चुकीचा दिलान?"

"मुद्दाम देतात आई. आपल्याला ओळखता येतं का बघायला."

"त्याने चुका करायच्या, त्या शोधायच्या आपण, आणि वर फी पण आपणच भरायची?"

त्या परीक्षा घेणाऱ्यांचा पत्ता असता ना, तर वहिनींनी त्याच दिवशी त्यांना दोन शब्द सुनावले असते.

*

वैदेहीला कोणीतरी प्रश्न विचारणारं हवं होतं. मंदार, म्हणजे तिचा नवरा, आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात. सीझनमध्ये त्याला श्वास घ्यायला वेळ नाही. मग नलूवहिनी म्हणाल्या, "मी वाचते. इंग्रजी अक्षरं येतात मला, अर्थ तुझा तू लाव."

आणि वाचायच्या हो! ठणठणीत! "महिरपी कंस उघडा! आय बरोबर शून्य! अर्धविराम! महिरपी कंस बंद!" पूजा सांगणारा भटजी वाटायचा. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालता घालता माझेही कंस पाठ झाले.

पण एक गंमत व्हायला लागली. जिथे प्रोग्राम चुकीचा आहे, तिथे वैदेहीचं उत्तर हटकून चुकायचं. एकदा नाही, प्रत्येक वेळी! बिचारी रडकुंडीला आली. "आई, मला हेच जमत नाहीये. चूक दिसतच नाही मला."

तिने स्क्रीन आपल्याकडे वळवलीन आणि बघते तर काय! "आई, इथे अर्धविराम नाहीच आहे. तुम्ही तर वाचलात!"

"छापायचा राहिला असेल म्हणून मी घातला."

"आणि हा कंस?"

"तो पण उघडाच ठेवला होता मेल्यांनी. बंद केला मी. अर्धवट वाचवत नाही मला!"

महिनाभर बाई परीक्षेतल्या चुका दुरुस्त करून वाचत होती! वैदेही डोक्याला हात लावून हसत सुटली. वहिनी मात्र घाबरल्या. "अगो, माझ्यामुळे जाशील गो तू पुण्याला," म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून वाचणं बंद.

*

मग वैदेही एकटीच सोडवायला लागली. आणि शंभरपैकी शंभर! परत सोडवलंन, परत शंभर! नलूवहिनी पाणंदभर सांगत सुटल्या. मीही माझ्या परीने हातभार लावला. पार बाजारापर्यंत बातमी गेली.

रविवारी मंदार घरी होता. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने तेच प्रश्न वर-खाली केलेन आणि पर्यायांची जागा बदललीन. नवीन एकही प्रश्न नाही. आणि वैदेही धाडकन खाली! नापास!

माझा विश्वासच बसेना. तेच प्रश्न! तीच मुलगी!

"उत्तरं पाठ झालीत तुझी," मंदार म्हणाला. "पहिल्याचं तिसरं, दुसऱ्याचं पहिलं. प्रश्न वाचतच नाहीयेस तू."

नलूवहिनी स्वयंपाकघरातून पळी घेऊनच बाहेर आल्या. "तिची उत्तरं बरोबर होती! तू प्रश्न का हलवलेस?"

*

आता अण्णांना राहवेना. अण्णा एरवी पेपर आणि पडवी यापलीकडे नसतात. एक दिवस गुपचूप गावी जाऊन आले, ग्रामदेवतेला कौल लावायला. आमच्याकडे देवाला असं विचारतात. पाषाणावर उजवीकडे-डावीकडे फुलाच्या कळ्या लावतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

होईल पास की नाही एवढं विचारून यायचं की नाही? पण अण्णा पडले शिस्तीचे. वैदेहीला अडलेला एक प्रश्नच कागदावर उतरवून घेऊन गेले!

गुरवाने विचारलंन, "काय मागणं आहे?"

"ए, बी, सी की डी?" अण्णा म्हणाले.

गुरवाने हातातल्या कळ्या खाली ठेवल्यान म्हणे. मग म्हणाला, "अण्णा, देव दोन बाजूंनी बोलतो. चारांचं असेल तर सुनेलाच अभ्यास करू दे."

*

पहिल्यांदा परीक्षा होती ती घरूनच. लॅपटॉपवर कॅमेरा लावून. परीक्षा घेणारा कुठल्या तरी देशात बसून तिच्याकडे बघणार, आणि खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको. नाहीतर परीक्षा रद्द!

रेंज नेमकी देवाच्या खोलीत. आधी कॅमेरा फिरवून खोली दाखवायची होती. ती दाखवलीन तर त्या माणसाचा लेखी प्रश्न आला, "मागे बसलेल्या बाई कोण?"

अण्णांच्या आईचा फोटो हो! चांगला मोठा, हार घातलेला.

वैदेहीने लिहून कळवलंन, "त्या वारल्या आहेत."

लगेच उत्तर, "तरी त्यांना खोलीबाहेर न्या."

मी आणि नलूवहिनी दाराशीच होतो. अण्णा बिचारे आईला छातीशी धरून बाहेर आले. वहिनी माझ्या कानात म्हणाल्या, "लग्न होऊन आल्यापासून मला जमलं नाही, ते ह्या कॅमेरेवाल्याने एका ओळीत केलंन!"

आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो. तेवढंच हसलो. कारण पुढे जे झालं ते मला आजही आठवलं की कसंतरी होतं.

वेळ संध्याकाळची घेतली होती. दारावर पहारा नलूवहिनींचाच. पाणंदीतल्या कुत्र्यालाही त्यांनी भुंकू दिलं नाही. ओवीला आमच्या घरी ह्यांच्याजवळ पाठवलंनी. सगळं चोख. आणि तिन्हीसांज झाली.

पन्नास वर्षांची सवय हो. पाय आपोआप चालतात. पहारा देणारी बाईच उठली, मी अडवायच्या आत समई लावायला देवाच्या खोलीत गेली, वैदेहीच्या मागे उभी राहिली आणि हात जोडून "शुभं करोति" म्हणायला लागली.

"कल्याणम्"पर्यंत पोचल्या आणि स्क्रीन काळी झाली. परीक्षा रद्द!

वैदेही उठली. सासूबरोबर तिनेही देवाला नमस्कार केलान. ते बघून माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. वहिनी दोन दिवस स्वतःच्याच नावाने बोटं मोडत होत्या. कंपनीने एक शेवटची संधी दिलीन. ह्यावेळी सुटलं तर पुणं नक्की!

*

ती शेवटची संधी त्या सकाळी होती, आणि मी सावित्रीचं ते अर्धं बोलणं ऐकून पाणंदीत उभी.

कोंडून घातलंनी! माझ्या डोक्यात नाही नाही ते येऊ लागलं. मुलगी ऐन वेळी नाही म्हणाली असेल? पुण्याला जायचंच म्हणून हटून बसली असेल? नलूवहिनी अशा करतील? पण माणूस धास्तावलं की काय करील सांगता येतं का! पिशवी अंगणात टाकली आणि तशीच सुर्व्यांकडे गेले.

पडवीत अण्णा, मांडीवर ओवी. मी तोंड उघडणार तोच दोघांनीही ओठांवर बोट ठेवलंनी. मी आत डोकावले. देवाच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं, कडी नाही. फोटो बाहेर, भिंतीला टेकवून ठेवलेला. आणि समोरच्या कोठीच्या खोलीला मात्र बाहेरून कडी! कडीत लाकडी खुंटी! वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या त्या खोलीत भरलेल्या असतात, तिथे आम्ही उभंसुद्धा राहत नाही.

मी अण्णांना खुणेने विचारलं, आत कोण? अण्णांनी डोळे मिटून घेतलेनी.

नलूवहिनींना शोधलं, स्वयंपाकघरात नाहीत, विहिरीवर नाहीत, मागीलदारी नाहीत. बोलायची सोय नाही, जायचा धीर नाही. जिन्याच्या पायरीवर टेकले आणि पदराशी चाळा करत बसले.

कितीतरी वेळाने देवाच्या खोलीचं दार उघडलं. वैदेही! हसतेय की रडतेय कळेना. धावत आली आणि माझ्याच गळ्यात पडली.

"काकू, पास! पास झाले!"

ओवी नाचायला लागली. अण्णा उभे राहिले, परत बसले. मी वैदेहीला चाचपून बघितलं, धडधाकट होती, मोकळी होती, कोणी तिला कोंडलं नव्हतं. म्हणजे सावित्री अगदीच काही खोटं बोलली नव्हती. कोंडलं होतं, बाहेरून कडीही होती. माणूस ओळखायला तेवढी मी चुकले होते.

"आई कुठायत?" वैदेहीने विचारलंन.

अण्णा काही बोलायच्या आत कोठीच्या बंद दारामागून, दाबून दाबून घुसमटलेला आवाज आला:

"अगो, झालं असेल तर... आता शिंकले तर चालेल काय?"