सायकालचा लोखंडी याक

किरगीझ डोंगरांत, नारिनच्या वरच्या कुरणांवर जुमाकान याक राखायचा. त्याची लेक सायकाल तिथंच तंबूत वाढली. हातात कोळसा आला की दिसेल ते चितारायची तिला खोड. पुढं चित्रकला शिकायला ती राजधानीला, बिश्केकला गेली, पण आईनं अंथरूण धरलं तशी शिक्षण अर्धवट टाकून परतली, ती कायमचीच. आई गेल्यावर गावातल्या बायकांबरोबर लोकरीच्या जाड गालिच्यांवर नक्षी आखू लागली. आठवड्यातून एकदा शाळेत मुलांना चित्रंही शिकवायची. मुलं तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणायची.

मुलांच्या दप्तरातल्या चित्रकथा सगळ्या रशियन, उंच इमारतींच्या. आपल्या डोंगरातली, किरगीझ बोलीतली एक तरी असावी, असं तिच्या मनानं घेतलं. मग तिनं पुढच्या काळातली गोष्ट रचली. हिमनद्या आटल्यात आणि बुरुल नावाची मुलगी यंत्राच्या याकावर बसून पाण्याचा उगम शोधायला निघालीय.

जुमाकाननं चित्रं पाहिली. "हा दूध देतो?"

"नाही, बाबा."

"शेण?"

"तेही नाही."

"मग थंडीत तुझी बुरुल चुलीत काय घालणार?"

सायकाल हसली. पण शाळेतल्या मुलांनी पानं गुमान उलटली आणि परत दिली, तेव्हा तिचं तोंड उतरलं. तिचा याक दरी उडून जायचा, कडे फोडायचा, कधी दमायचा नाही. नाझिक नावाची मुलगी तेवढी म्हणाली, "एजे, सगळं याकच करतो. मग बुरुल कशाला हवी?"

सायकालला राग आला. एवढीशी पोर, आणि आपल्याला अक्कल शिकवते! तिनं पानं पेटीत टाकली. तो प्रश्न मात्र काही केल्या डोक्यातून जाईना.

वसंतात कळप वर न्यायची वेळ आली. फुगलेल्या नदीवरच्या लाकडी पुलापाशी एक तरणा याक अडून बसला. सायकालनं त्याच्या कपाळाला कपाळ लावलं आणि बोलत बोलत, उलट्या पावली त्याला पलीकडे नेलं. त्याचा थरथरता श्वास तिच्या गळ्यावर लागत होता. कुरणावर पोचल्या पोचल्या ती नव्यानं चितारायला बसली. आता लोखंडी याक पुलाला घाबरत होता, गारठ्यात त्याचे गुडघे आखडत होते आणि बुरुल ते चरबीनं चोळत होती.

पुरी झालेली पानं तिनं बिश्केकला धाडली. तिथला प्रकाशक म्हणाला, रशियनमध्ये काढू, दुप्पट खपेल.

"रशियन नंतर काढा," ती म्हणाली. "आधी माझी पोरं वाचू देत."

तो कुरकुरला, पण त्यानं थोड्या प्रती किरगीझमध्ये काढल्या.

पुस्तकं शाळेत आली, त्या दिवशी नाझिकनं मोठ्यानं वाचून दाखवलं. पुलाचं पान आलं. पहिल्या बाकावरचं एक पोरगं चित्रातल्या याकाला हळूच म्हणालं, "चल ना, चल."

जुमाकान टोपी हातात धरून दारात उभा होता. घरी परतताना त्यानं टोपी डोक्यावर चढवली.

मग म्हणाला, "पुलावर त्यानं खाली बघायला नको होतं."

"भ्यायला होता, बाबा."

"हो," तो म्हणाला. "पण पोरगी सोबत होती, ते बरं झालं."