हसणाऱ्या फुलांवरची भाजी

महाडच्या बाजारात वरंधकडची एक भाजीवाली बसते. मुलाने मुंबईच्या मॉलमधून आणलेला जुना फ्लेक्स ती खाली अंथरते. त्यावर जपानी पॉप आर्टमधली, दात काढून हसणारी रंगीत फुलं आहेत. प्रत्येक फूल झाकलं जाईल अशी ती माठाची एकेक जुडी नीट ठेवते.

मी चित्रकलेचा मास्तर, राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, ही फुलं आपल्या खरेदीच्या वेडाची थट्टा करतात."

"थट्टा कसली, सर? जुडी खपली की खालचं फूल हसतं. सगळी हसली की मी एसटीला. नायतर भाजी परत न्यायची हाय."

एकच फूल झाकलेलं होतं. ती जुडी मी घेतली. फूल हसलं. मावशीने फ्लेक्स गुंडाळला आणि ती स्टँडकडे निघाली.

माठ आमच्या घरी कुणी खात नाही.