आई उकिडवी बसली

परवा नातवाच्या हाताला प्लास्टर घालताना तो ओला, चुन्यासारखा वास आला आणि मी थेट कुळगावच्या आमच्या अंगणात पोचले. एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. विहिरीच्या पायरीवरून घसरून आईचं गुडघ्याजवळचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा पाय काठीसारखा बारीक झाला होता आणि गुडघा वाकत नव्हता.

कल्याणचे डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय, सांधा आखडलाय. रोज थोडा थोडा तुम्हीच वाकवा. दुसऱ्या कोणाला जोर लावू देऊ नका."

शेजारणी हळहळल्या, "आता चुलीपुढं बसणं काही हिला जमायचं नाही."

आई रोज ओट्याच्या कडेला बसून, ओठ घट्ट मिटून पाय वाकवायची. मला तो तिचा चाळाच वाटे. आज माझेच गुडघे दुखतात, तेव्हा कळतं, ती काय सोसत होती.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी ती रांगोळीची वाटी घेऊन सारवलेल्या अंगणात आली आणि हळूहळू खाली बसू लागली. बाबा धावले, "थांब, धरतो."

"धरू नका. नुसते उभे राहा."

दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. तिच्या वरच्या ओठावर घाम साचला होता. एरवी अबोल असलेले बाबा शेजाऱ्यांना ओरडून सांगू लागले, "अहो, या! आमची मंडळी बसलीय बघा!"

बायका जमल्या. आईने मान वर केली नाही. पडण्याआधी रोज उंबऱ्यापुढे चारच रेघा ओढणारी माझी आई त्या दिवशी उकिडवी सरकत सरकत, रांगोळी काढत पार कुंपणापर्यंत गेली.