माझा रिपोर्ट, आणि मी बाहेर

मैत्रिणींनो, गाठ माझ्या छातीत आहे. हे आधीच सांगते, कारण आज सगळेच ते विसरले होते.

गोंदियात डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर बसा." आत फक्त नवरा.

तो बाहेर आला तेव्हा विचारलं. "काही नाही. कायले डोकं खाऊन राहिली?"

गोंदियाजवळच्याच आमच्या गोरेगावला परतताना त्यानं पेट्रोलपंपावर गाडी थांबवली आणि माझ्यापासून लांब जाऊन त्याच्या आईला फोन केला.

घरी सगळ्यांना स्टीलची ताटं होती. माझ्यापुढे पत्रावळ. माझी पोरगी जवळ आली, तर सासूनं तिला मागे ओढलं. "तिच्याजवळ नको बसू, कॅन्सर लागते."

असा कळला मला माझा रिपोर्ट. तुमच्याकडे बाईला कोण सांगतं?