लसूणघासातला हाका

अल ऐन शहर संपून वाळूच्या टेकड्या सुरू होतात तिथल्या एका मोठ्या फार्मवर मी स्टोअर सांभाळतो. फार्मचे मालक, आमचे अरबाब, पाखरांचे भारी शौकीन. फार्मला लागून असलेली घाफच्या झाडांची जमीन त्यांनी कुंपण घालून रानपाखरांसाठी सोडून दिली आणि तिची देखभाल करायला एक इंग्रज साहेब नेमला.

साहेब इंग्लंडातल्या खेड्यातला. त्याचे आजोबा तिथल्या कुणा जमीनदाराच्या रानात पाखरं राखायचे, त्यामुळे साहेबाचं बालपण चिखलात, कुत्र्यांत आणि फेझंट पाखरांच्या मागे गेलेलं. येताना त्याने आपली म्हातारी लॅब्राडोर कुत्रीही आणली. काळी, जाडजूड, आणि चेहऱ्यावर निवृत्त मुख्याध्यापिकेचा भाव. तिकडे ती शिकारीत पडलेली पाखरं तोंडात धरून आणायची म्हणे. इथे शिकारीला बंदी, त्यामुळे तिला काम नव्हतं. दिवसभर ती साहेबाच्या केबिनमध्ये एसीखाली झोपायची. मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा माणूस. आमच्यात कुत्र्याला दारापर्यंतच मान. त्या केबिनमध्ये सही घ्यायला जाताना मी भिंतीला पाठ लावून आत शिरायचो.

एका हिवाळ्यात अरबाबांनी ठरवलं, लसूणघासाचा जुना तुकडा नांगरायचा आणि तिथे गोदाम बांधायचं. त्या घासात तित्तर राहायचे. साहेब म्हणाला, आधी पाखरं पकडून घाफच्या रानात नेऊ, मग खुशाल नांगर घाला. त्यासाठी त्याने सगळ्यांना ऑफिसात बसवून स्लाइड दाखवल्या. एका टोकाला जाळी, दुसऱ्या टोकाला माणसांची सरळ ओळ, हातात काठ्या.

"शनिवारी सकाळी मला बीटर्स हवेत," तो मला म्हणाला. "यांना समजावून सांगा."

मी हिंदीत सांगितलं, "साहब को पीटनेवाले चाहिए."

आमचा पठाण ड्रायव्हर ताडकन उठला. हा सहा फुटी गडी खोलीत पिंजऱ्यात एक तित्तर पाळायचा आणि त्याला स्वतःच्या हाताने बदाम भरवायचा. "खुदा का खौफ करो! तित्तर को पीटेगा?"

खोलीत गलका झाला. साहेब म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, "सर, स्मॉल डिस्कशन." आणि तेवढ्यात मला गावाकडचा शब्द आठवला. हाकारे! भातात डुकरं शिरली की आम्ही पोरं पत्र्याचे डबे बडवत रान उठवायचो. माझी छाती फुगली. "सर, नो टेन्शन. हे काम मी लहानपणी केलंय."

शनिवारी मी तुपाचा रिकामा डबा आणि पळी घेऊन हजर झालो. साहेबाने डब्याकडे असं पाहिलं, जणू मी बॉम्ब आणलाय. "फक्त काठीने घासावर हलकेच टकटक. आवाज नाही." डबा गाडीत गेला.

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. वर थंडी. मी ऑफिसच्या शर्टात कुडकुडतोय हे पाहून साहेबाने आपलं जाकीट काढून मला घातलं. जाड, हिरवं, मेण चोपडलेलं, आजोबांच्या वेळचं असावं. त्याला तंबाखूचा, ओल्या गोणपाटाचा आणि मुख्यतः कुत्रीचा वास होता. माझी मुलगी युनिव्हर्सिटीत शिकते, ती हौसेने मदतीला आली होती. जाळीचं एक टोक तिच्याकडे होतं. मला पाहून म्हणाली, "अब्बा, यू लुक लाइक अ टेन्ट."

"जाळी नीट धर," मी म्हटलं.

साहेबाने शिट्टी वाजवली आणि आमची ओळ निघाली. सुरुवातीला ती सरळ होती, याला मी साक्षीदार आहे. मग धुक्यात शेजारचा दिसेना. मी टकटक करत चाललो, चाललो, आणि समोरून कुणीतरी टकटक करत माझ्याकडेच येऊ लागलं. पाहतो तर पठाण.

"जाळी किधर है?" मी विचारलं.

"मैं तो जाली के पास से आ रहा हूँ," तो म्हणाला. "तुम किधर जा रहा है?"

आणि तित्तर? साहेबाच्या हिशेबाने ते भुर्रकन उडून जाळीत जायचे होते. पण तित्तर हा उडण्याचा कंटाळा करणारा पक्षी. ते आमच्या पायांमधून तुरुतुरु पळत मागे गेले आणि घासात दडून बसले. आम्ही पुन्हा ओळ केली. तेही पुन्हा मागे गेले. जाळीत सापडला तो फक्त पाण्याच्या पंपावरचा माणूस. तो काय चाललंय म्हणून बघायला आला होता.

साहेबाचा चेहरा लालबुंद झाला. शेवटी त्याने कुत्रीला सोडलं आणि इंग्रजीत काहीतरी लांबलचक हुकूम दिला. ती जांभई देत धुक्यात शिरली.

थोड्या वेळाने घास हलला आणि ती थेट माझ्यासमोर येऊन बसली. तोंडात जिवंत तित्तर. मान वर, डोळे माझ्यावर.

"सर!" मी ओरडलो. "सर, तुमची कुत्री!"

"हलू नका!" धुक्यातून आवाज आला. "ती जाकिटाला देतेय. माझा वास आहे ना त्याला. दोन्ही हात खाली धरा, ती सोडेल."

"सर, मी नाही घेणार!"

"घ्या हो, घाबरलंय ते पाखरू!"

खरंच घाबरलं होतं. त्याच्यापेक्षा जास्त मी. डोळे मिटून बिस्मिल्ला म्हटलं आणि हात पुढे केले. ओंजळीत एक गरम, ओलसर, धडधडणारा जीव येऊन पडला. एक पीससुद्धा मोडलं नव्हतं. मी डोळे उघडेपर्यंत कुत्री दुसरं आणायला गेली होती.

त्यानंतर ती थांबेचना. साहेब शिट्टी वाजवी, हाका मारी, लाडाने बोलावी. ती त्याच्या शेजारून निघून पाखरू माझ्या हातात आणून ठेवी. पठाण टोपली घेऊन माझ्यामागे उभा राहिला आणि प्रत्येक तित्तराशी पश्तूत दोन शब्द बोलून त्याला आत ठेवू लागला. ऊन वर आलं, धुकं विरलं, तेव्हा सगळ्यांना दिसलं ते असं: साहेब एकटाच शेताच्या मधोमध शिट्टी धरून उभा, आणि मी बांधावर टोपल्यांमध्ये जमीनदारासारखा बसलेला. शिवाय, माझ्या लक्षातही न येता, मी कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवत होतो.

मुलीने फोटो काढला होताच. तो घरी आमच्या आधी पोहोचला. बायको दारातच उभी. "आत नाही यायचं. आधी हात धुवा. कुत्र्याची लाळ लागलीय, सात वेळा धुवायचे, त्यातलं एकदा मातीने."

"वाळू चालेल?"

"इथे दुसरं आहे काय!"

मी अंगणातल्या नळाखाली हात चोळत होतो आणि ती वरून मोजत होती. मधेच हळूच तिने विचारलं, "एकसुद्धा पाखरू मेलं नाही?"

"एकसुद्धा नाही."

"मग कुत्री शहाणीच म्हणायची," ती म्हणाली आणि पुढचं मोजायला विसरली.

दुपारी आम्ही टोपल्या घाफच्या रानात नेऊन उघडल्या. मला वाटलं होतं, पाखरं आनंदाने झेपावतील. ती एकामागून एक पायी बाहेर आली, आमच्याकडे न बघता झुडपांत शिरली. साहेब बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. मग म्हणाला, त्याच्या आजोबांनी जन्मभर पाखरं वाढवली, पण ती सगळी दुसऱ्यांनी मारण्यासाठी. "असं सोडून द्यायला त्यांना फार आवडलं असतं."

मी त्याला थर्मासमधला चहा दिला. झुडपांतून एक तित्तर ओरडला, लगेच दुसऱ्याने उत्तर दिलं, आणि पठाण हसत म्हणाला, "खलास. घर मिल गया."