मोसंबीवाल्या जाधवांची पुतणी

"चेहऱ्यावरच घराणं दिसतं बघा," अजिंक्यच्या आईनं माझी हनुवटी धरून बायकांना सांगितलं. "बिडकीनच्या मोसंबीवाल्या जाधवांची पुतणी. आपल्यातलीच. विचारायची गरजच नाय."

मी जाधव. मी बिडकीनची. पण मोसंबीवाल्यांची मी कुणी नाय.

हर्सूलला अजिंक्यच्या घरी पार्टी होती, त्याच्या आईवडलांच्या लग्नाच्या वाढदिवसाची. रविवारची दुपार. गच्चीवर जेवणाचा मांडव, खाली हॉलमधी बायका. अजिंक्य आणि मी एकाच कंपनीत इंजिनियर. आमचं आमच्यात कधीच ठरलेलं. "आता आईला भेट," तो म्हणाला. मी गुलमंडीतून नवी साडी घेतली, अबोली रंगाची. लई हौसेनं घेतली.

मला वाटलं, काकूंची, म्हंजे अजिंक्यच्या आईची, गल्लत झाली असंल. आडनाव एक, गाव एक. होतं असं. मी अजिंक्यकडं बघितलं. तो दाराला टेकून उभा होता. आता सांगंल, मला वाटलं. तो नुसता हसला आणि कोल्ड्रिंकचा ग्लास तोंडाला लावला.

काकूंनी ओवाळायचं ताट माझ्या हातात दिलं. "आज होणाऱ्या सुनेनं ओवाळायचं." बायका खुसखुसल्या. मग माझ्या कानाशी येऊन त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, तू घरंदाज निघालीस. आजकाल आडनावावरून काय कळतंय? तसल्या पोरीपण शिकतात, हापिसात येतात, गोडगोड बोलून आपली पोरं धरतात."

तसल्या.

मी निरांजनाची वात सारखी केली. 

तेवढ्यात पल्लवी पुढं आली. पल्लवी म्हणजे अजिंक्यच्या वडलांच्या मित्राची मुलगी. तिचं आणि अजिंक्यचं जमावं असं दोन्ही घरांच्या मनात होतं. तिच्या तर लई मनात. मी आल्यापास्नं ती माझ्यावरची नजर काढत नव्हती.

"काकू, माझं आजोळ बिडकीनचं," ती म्हणाली. "मोसंबीवाल्या जाधवांना पुतणी नाय. पुतणेच आहेत."



अजिंक्य झटकन आत आला. "लांबची आहे गं. चुलत-चुलत." मग माझ्याकडं वळून, "सांग ना. हो ना?"

तेव्हा कळलं. काकूंची गल्लत नव्हतीच. ते घराणं त्यानंच मला चिकटवलं होतं. मला न विचारता.

एक 'हो' म्हणायचं होतं. पल्लवीला तोंड उघडायला जागा राहिली नसती. पोरगा माझा, घर माझं, मान माझा. आणि माझी आई? ती मग कुणाचीच कुणी नाय.

"नाय," मी म्हणाले. "मी त्यांची पुतणी नाय. मी बिडकीनच्या भीमनगरातली. आम्ही बौद्ध. माझी आई त्या जाधवांच्या बागेत खुरपायला जाते. काकू, तुम्ही म्हणालात ना, तसली. ती मी."

 काकूंनी ताट धरलं. "दे बाई इकडं. हात अवघडला असंल." आवाज गोडच होता. बोटाला बोट लागू दिलं नाय. ताट पल्लवीच्या हातात गेलं. तिनं खाली बघत ते धरलं. कुणी मला जा म्हणालं नाय. बस पण म्हणालं नाय.

मी निघाले. गेटपाशी अजिंक्य धावत आला.

"एवढं बोलायची काय गरज होती? एक दिवस गप्प बसली असतीस. लग्न झाल्यावर मी सांगणारच होतो."

"आणि लग्नात माझी आई कुठं उभी राहणार होती?"

तो गेटची कडी चाळवत राहिला. "ते बघितलं असतं काहीतरी."

काहीतरी. माझ्या आईचं काहीतरी बघणार होता तो.

"तुझी आई मला काय ते बोलली, पण तिला मी कोण ते ठाऊक नव्हतं," मी म्हणाले. "तुला ठाऊक होतं. तू हसलास."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"त्या पुतणीवर आहे. जाऊन तिला शोध."

भर उन्हात चालत मी रिक्षास्टँड गाठला. डोळ्यातलं पाणी रस्त्यातच पुसलं. ते दुःखाचं कमी, संतापाचं जास्त होतं.

तो अजून त्याच कंपनीत आहे. मीपण आहे. मी शिफ्ट बदलून घेतली नाय, का घेऊ? कॅन्टीनमधी समोर आला की तो ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातो. मी सावकाश जेवते.

आता कुणी आडनाव विचारून गोड हसलं, की मी तिथंच थांबत नाय. वस्ती सांगते. आईचं काम सांगते. उंबऱ्याच्या बाहेरच, चहा यायच्या आधी. ज्याला तोंड फिरवायचं त्यानं तेव्हाच फिरवावं. आणि ज्याला मी हवी आहे, त्यानं आधी स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांसमोर, माझ्या आईचं नाव मोठ्यानं घ्यावं. मगच माझा हात मागावा.