विलासभाऊ आणि रमिलाचं लॉगिन

मोबाइलवर बोलताना विलासभाऊ कधीच "कुठे आहेस?" असं विचारत नसत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "त्याले सांगनं व्हई तर तो सांगी. आपन कसाले इचारो?" आणि आमच्या शहाद्याच्या संस्थेत कोण कुठून लॉगिन करतं, याची नोंद ठेवणारा माणूस हाच!

ते सारंगखेड्याच्या गुजर शेतकरी घरातले. घरी केळी आणि ऊस, पण यांचा जीव संगणकात. नर्मदाकाठच्या गावांत बोटीने फिरणाऱ्या आमच्या परिचारिका पेशंटची माहिती ज्या वेबसाइटवर भरत, ती त्यांनीच तयार केलेली. दुसऱ्याच्या पासवर्डने कोणी आत शिरलं तर कळावं, म्हणून प्रत्येक लॉगिनसोबत इंटरनेट लाइनचा आयपी पत्ता नोंदला जाई. हे त्यांनी सगळ्या परिचारिकांना समोर बसवून सांगितलं होतं.

आमच्या मोठ्या साहेबांना त्यात वेगळाच उपयोग दिसला. "गावात कोण जातं आणि घरी बसून कोण भरतं, ते मला रोज सांगत जा."

"साहेब, हाऊ पत्ता लाइनना शे, माणूसना नही. याना जोरवर कोनले चोर नका ठरावा."

त्यानंतर बरेच दिवस साहेब त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

मग एका पावसाळ्यात रमिला नावाची आमची परिचारिका नर्मदाकाठच्या मणिबेली गावाहून परतलीच नाही. धरणाच्या पाण्यावर वारा सुटला होता आणि तिचा फोन बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील डोंगरातून येऊन ऑफिसच्या बाकावर बसले. चहा दिला तर तो तसाच गार झाला. "बोट बुडाली का?" एवढंच ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते.

दुपारी विलासभाऊंनी मला खुणेने बोलावलं. त्याच सकाळी रमिलाच्या नावाने लॉगिन झालेलं होतं. पत्ता मोबाइलचा नव्हता, आमच्या कुठल्या केंद्राचाही नव्हता. मी वडिलांकडे धावणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "थांब. पासवर्ड कोनीबी टाकू शकस. म्हाताराले खोटी आशा नको."

त्यांनी जुन्या नोंदी चाळल्या. तोच पत्ता मागच्या महिन्यातही आलेला होता. पलीकडे गुजरातेतल्या एका दवाखान्यात आमचं शिबिर होतं, त्या दिवशी. त्यांनी त्या दवाखान्यात फोन लावला.

रमिला तिथेच होती. बोट वाऱ्याने भरकटत पलीकडच्या काठाला लागली होती. नावाड्याचा हात मोडला, म्हणून ती त्याला जीपमधून दवाखान्यात घेऊन गेली. तिचा फोन भिजला होता, आणि पाठ असलेला एकुलता एक नंबर आमच्या बंद पडलेल्या लँडलाइनचा. नवा नंबर मिळेल म्हणून तिने दवाखान्याच्या संगणकावरून वेबसाइट उघडली, पण तिथे नंबर कुठेच नव्हता.

विलासभाऊंनी फोन वडिलांच्या कानाला लावला. ते लेकीशी त्यांच्या डोंगरातल्या पावरी बोलीत बोलत होते. मला शब्द कळले नाहीत. बोलता बोलता ते मोठ्याने हसले आणि तो गार चहा एका घोटात प्यायले. विलासभाऊ मात्र बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरून उभे राहिले.

साहेबही खुशीत होते. "आता तरी पटलं ना? रोज बघत जाऊ या."

"पोर सापडत नव्हती, म्हनीसन दखं, साहेब. आते सापडनी ना?" असं म्हणून विलासभाऊंनी लॉगिनच्या नोंदींचं पान बंद केलं. या खेपेला साहेब रागावले नाहीत.

त्याच संध्याकाळी विलासभाऊंनी वेबसाइटच्या पहिल्या पानावर आमचा चालू नंबर ठळक अक्षरांत टाकला. "हाई मन्हाच ध्यानमा पहिले येवाले पाहिजे व्हतं," असं म्हणत स्वतःवरच चरफडत होते.

पुढे ते शेती बघायला सारंगखेड्याला निघून गेले. वेबसाइट आता दुसऱ्यांच्या हाती आहे, तिचं रूपही पालटलं, पण नंबर जागच्या जागी आहे. संध्याकाळी फोन वाजतो. बहुतेक वेळा बोटीतून नुकतीच उतरलेली कोणी परिचारिका असते. "ताई, पोहोचले हो मी," एवढंच सांगते आणि ठेवते.